स्पॅमच्या काळ्या याद्या: कोणती लावायची आणि कुणाच्या जिवावर

संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला कधी ना कधी ठरवावंच लागतं की येणारी मेल तपासायला कोणाची ब्लॅकलिस्ट, म्हणजे नको असलेल्या पत्त्यांची यादी, लावायची. बहुतेक जण 'स्पॅम किती अडतो' एवढंच बघतात. ही कसोटी चुकीची नाही, पण अपुरी आहे. अडवलेल्या स्पॅमचा आकडा लॉगमध्ये रोज दिसतो. नोकरीचा अर्ज अडला तर त्याची तक्रार मात्र तुमच्याकडे येत नाही, कारण ज्याला तो मिळायला हवा होता त्याला तो आला होता हेच ठाऊक नसतं. म्हणून इथे तुलना दुसऱ्या बाजूने केली आहे: ज्याचा काही दोष नाही असा माणूस यादीत अडकला, तर पुढे त्याचं काय होतं?

आधी यंत्रणा कशी चालते ते बघू. समजा २०३.०.११३.२५ या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीनच्या पत्त्यावरून, मेल आली. तुमचा सर्व्हर तो पत्ता उलटा करून त्याला यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, विचारतो: २५.११३.०.२०३.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग? (झेन ही अशा याद्या चालवणाऱ्या स्पॅमहाउसची एकत्रित यादी.) 'असं काही नाही' असं उत्तर आलं तर मेल आत येते. १२७.०.०.२ किंवा १२७.०.०.४ असं काही आलं तर पत्ता यादीत आहे, आणि शेवटच्या आकड्यावरून कारणही कळतं. मग तुमचा सर्व्हर ५५० किंवा ५५४ हा कोड देऊन मेल परत पाठवतो. या सगळ्यात यादीवाल्यांनी काहीच अडवलेलं नसतं, अडवता तुम्ही. 'आम्ही फक्त मत देतो, वापरायचं की नाही ते तुमचं' हे त्यांचं ठरलेलं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. पण ज्यांच्या मतावर लाखो मेलबॉक्स चालतात, त्यांनी असे हात झटकणं मला पटत नाही. तुमच्यापुरतं मात्र ते वाक्य शब्दशः खरं माना. यादी लावली तुम्ही, म्हणजे तिच्या चुकाही तुमच्याच खात्यात.

पत्ता की अख्खा शेजार

याद्यांमधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. काही याद्या एकेका आयपीपुरत्या बोलतात. या पत्त्यावरून आमच्या सापळ्यात (फक्त स्पॅम पकडायला ठेवलेल्या मेल पत्त्यावर) स्पॅम आला, किंवा या मशीनमध्ये मालवेअर आहे, एवढंच. स्पॅमहाउसची एक्सबीएल अशी आहे. स्पॅमकॉपची यादीही लोकांच्या तक्रारींवरून एकेका पत्त्याची होते. स्पॅमहाउसच्या पीबीएलची गोष्ट निराळी. तिथे आरोप कसलाच नाही. घरगुती इंटरनेट जोडण्यांना दिलेल्या पत्त्यांवरून थेट मेल येणं अपेक्षित नाही, एवढंच ती सांगते. अनेकदा इंटरनेट कंपन्या स्वतःच आपल्या पत्त्यांच्या सलग रेंज तिच्यात नोंदवतात. न्यायाच्या दृष्टीने मला ही सगळ्यात निर्मळ यादी वाटते.

दुसऱ्या टोकाला शेजार धरणाऱ्या याद्या. २००१ ते २००६ या काळात चाललेली स्प्यूज ही यातली सर्वांत बदनाम. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या एखाद्या होस्टिंग कंपनीने स्पॅमर ग्राहक हाकलला नाही, तर स्प्यूज त्याच्या आजूबाजूचे पत्ते यादीत घ्यायची, आणि तरी कंपनी हलली नाही तर वर्तुळ वाढवत न्यायची. चालवणारे कोण, हे शेवटपर्यंत जाहीर झालं नाही. संपर्काचा पत्ता नव्हता, अर्ज करायची सोय नव्हती. आज यूसीईप्रोटेक्टच्या तीन पायऱ्यांत हीच कल्पना दिसते. पहिलीवर एकच आयपी, दुसरीवर त्याभोवतीची रेंज, तिसरीवर त्या नेटवर्कचा अख्खा स्वायत्त प्रणाली क्रमांक (एएसएन), म्हणजे त्या होस्टिंग कंपनीचे झाडून सगळे ग्राहक. तिसऱ्या पायरीने निर्दोष लोकही अडतील, हे यूसीईप्रोटेक्ट स्वतःच सांगतं.

या पद्धतीची बाजू ऐकून घ्यायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. स्पॅमरकडून भाडं मिळत असताना होस्टिंग कंपनीने ते का सोडावं? तक्रारी ती कचऱ्यात टाकते. बाकीच्या ग्राहकांची मेल अडली, ते ओरडले, की मगच व्यवस्थापन जागं होतं. दबाव यावा म्हणूनच सुक्याबरोबर ओलं मुद्दाम जाळलं जातं. पण ओलं म्हणजे कोण? महिन्याच्या भाड्याने छोटा सर्व्हर घेतलेला माणूस, ज्याला शेजारच्या पत्त्यावर कोण आहे हे कळायचा मार्गच नाही. बहुधा तो करारात वर्षभर अडकलेला, आणि घर बदलायला लागणारा वेळ त्याच्याकडे नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देताना ते चोराच्या घरमालकाला धडा शिकवण्यासाठी आहे असं सांगितलं, तरी फाशी संन्याशालाच होते.

या वादातलं सगळ्यात अवघड उदाहरण मात्र स्पॅमहाउसचं आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या डोमेन नोंदणी संस्थेकडे, निक डॉट एटीकडे, स्पॅमहाउसने बँक ग्राहकांना फसवणारी काही डोमेन बंद करायची मागणी केली. संस्थेचं म्हणणं, नोंदणीदाराची ओळख खोटी आहे याचा पुरावा द्या, त्याशिवाय असं करणं ऑस्ट्रियाच्या कायद्यात बसत नाही. तेव्हा स्पॅमहाउसने संस्थेचा मेल सर्व्हरच काही दिवस यादीत टाकला. लोकांचे पैसे रोज लुटले जात होते, हे खरं. त्या सर्व्हरवरून कुणी स्पॅम पाठवत नव्हतं, हेही खरं. माझं मत असं की यादी ज्या क्षणी 'इथून स्पॅम येतो' हे सांगायचं सोडून 'आमचं ऐका' सांगू लागते, त्या क्षणी ती पुरावा राहत नाही, हत्यार होते. हेतू चांगला असला तरी.

बाहेर पडायचा रस्ता

यादीची नियत ओळखायची असेल तर आत कसं जातात यापेक्षा बाहेर कसं येतात ते बघा. स्पॅमकॉपमध्ये नव्या तक्रारी थांबल्या की साधारण २४ तासांत नाव आपोआप निघतं. एक्सबीएल आणि पीबीएलमधून नाव काढायचा अर्ज स्वतः ऑनलाइन करता येतो. एसबीएल ही स्पॅमहाउसची माणसांनी तपासून भरलेली यादी. तिच्यातून नाव काढायला सहसा नेटवर्कच्या मालकाने, म्हणजे तुमच्या होस्टिंग कंपनीने, बोलावं लागतं. भाडेकरूच्या शब्दाला तिथे वजन नाही. नाव काढायचे पैसे मात्र स्पॅमहाउस कुठल्याच यादीसाठी घेत नाही.

पैशांचा प्रश्न जिथे येतो तिथे मी थांबतो. सॉर्ब्ज ही जुनी यादी एके काळी काही नोंदी काढायला ५० डॉलरची देणगी धर्मादाय संस्थेला द्यायला सांगायची. पैसे तिच्या खिशात जात नसत, तरी दंड तो दंडच. (२०२४ च्या जूनमध्ये सॉर्ब्ज बंद झाली. जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये तिचं नाव अजून असेल तर काढून टाका.) यूसीईप्रोटेक्टच्या पहिल्या पायरीवरून शेवटच्या स्पॅमनंतर सात दिवसांनी नाव फुकट निघतं. घाई असेल तर पैसे भरून लवकर. ज्याचा धंदा मेलवर चालतो त्याला सात दिवस म्हणजे काय, हे दर ठरवणाऱ्यालाही ठाऊक असतंच. याद्या कशा चालवाव्यात यावर २०१२ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत ६४७१ क्रमांकाचा दस्तऐवज निघाला. यादी वापरणाऱ्याकडून पैसे घेणं त्यात गैर मानलेलं नाही. पण यादीत अडकलेल्याकडून सुटकेचे पैसे घेणं खंडणीच्या फार जवळ जातं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आणि कोर्ट? तिथून दाद मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. ई३६० नावाच्या मार्केटिंग कंपनीने स्पॅमहाउसवर अमेरिकेत दावा लावला. स्पॅमहाउसने तिथल्या कोर्टाचा अधिकारच मानला नाही आणि बचाव सोडून दिला. त्यामुळे २००६ मध्ये सुमारे १ कोटी १७ लाख डॉलरचा एकतर्फी निकाल लागला. अपिलानंतर २०१० मध्ये ती रक्कम २७,००२ डॉलरवर आली, आणि २०११ मध्ये ३ डॉलरवर. तीनच. पाच वर्षं वकिलांची फी भरायची ताकद असलेल्या कंपनीची ही गत, तर दहा मेलबॉक्सवाल्याने काय करावं?

न दिसणारी यादी

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग याद्याच नकोत, मेल एखाद्या मोठ्या कंपनीकडे देऊन टाकू. जीमेल आणि आउटलुक यांच्याकडेही पाठवणाऱ्यांची प्रतवारी असतेच, फक्त ती बाहेर विचारता येत नाही. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी लेखी नियम लागू केले: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पाठवणारा खरा आहे का हे पडताळायच्या तीन पद्धती), एका क्लिकवर अनसबस्क्राइब, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. नियम लिहून आले, हे चांगलंच. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये आपली स्थितीही बघता येते, पण पाठवण्याचं प्रमाण पुरेसं असेल तरच. दिवसाला वीस मेल पाठवणाऱ्याला तिथे कोरा तक्ताच दिसतो.

त्याहून वाईट म्हणजे मेल निमूटपणे स्पॅम फोल्डरमध्ये जाते. पाठवणाऱ्याला वाटतं पोचली, घेणाऱ्याला वाटतं आलीच नाही. सार्वजनिक यादीमुळे नाकारलेली मेल निदान कारणासकट परत येते. कोणत्या यादीत आहात, कुठे बघायचं, याची लिंक बाउन्समध्ये, म्हणजे परत आलेल्या निरोपात, असते. माणूस वैतागतो, पण त्याला फोन उचलता येतो. म्हणूनच, ऐकायला उलटं वाटलं तरी, दारातच ठणकावून नाकारणं हे गुपचूप अडगळीत टाकण्यापेक्षा जास्त न्याय्य आहे.

यादीच बंद पडली तर

हा मुद्दा लोक विसरतात. २००३ च्या ऑगस्टमध्ये हल्ल्यांना कंटाळून ओसिरुसॉफ्टची यादी बंद झाली, आणि बंद होताना तिने जगातला प्रत्येक पत्ता 'यादीत आहे' असं सांगायला सुरुवात केली. ३१ जानेवारी २०२१ रोजी स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदत संपली. नूतनीकरण होईपर्यंत कुठल्याही प्रश्नाला काही ना काही उत्तर येऊ लागलं, आणि येईल ते उत्तर 'होय' समजणाऱ्या सर्व्हरांनी चांगली मेल परत पाठवली. तुम्ही मोठ्या सार्वजनिक डीएनएसमधून स्पॅमहाउसला विचारलंत तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ 'असं विचारू नका' एवढाच आहे, पण ढिसाळ सेटिंग त्यालाही स्पॅम समजतं. तेव्हा नेमकी कोणती उत्तरं मानायची ते लिहून ठेवा. आणि अधूनमधून १२७.०.०.१ विचारून बघा. चालू स्थितीतल्या यादीत तो पत्ता कधीच असता कामा नये.

मी नवा सर्व्हर उभा केला तर पीबीएल आणि एक्सबीएलवर सरळ नाकारेन. एसबीएलवरही नाकारेन, पण वर सांगितलेल्या आक्षेपासकट, आणि अडलेल्यांची नोंद दर आठवड्याला डोळ्यांखालून घालून. स्पॅमकॉपच्या यादीवर नाकारणार नाही, तिथे सापडलेल्या मेलला फक्त स्पॅमचे गुण लावेन. अडवण्याऐवजी मेलवर खूण करून ती वेगळी काढा, असं स्पॅमकॉप स्वतःच सुचवतं. असे गुण जोडून स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिन या प्रोग्रॅममध्ये ५ गुणांची मूळ मर्यादा आहे, एकट्या यादीच्या शब्दावर ती ओलांडली जाणार नाही इतपतच वजन द्यायचं. यूसीईप्रोटेक्टची पहिली पायरी लावायचीच असेल तर तीही गुणांपुरती. दुसरी आणि तिसरी नाही. तुमच्याकडे येणारी बहुतेक मेल ओळखीच्या मोजक्या ठिकाणांहून येत असेल, तर त्यांची पांढरी यादी (न तपासता आत घ्यायच्या पत्त्यांची) आधी करा, बाकीचं नंतर.

आणि पोस्टमास्टर हा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याशी संपर्काचा पत्ता सगळ्या याद्यांच्या तपासणीतून वगळा. तिथे स्पॅम येईल, बराच येईल. पण ज्याची मेल तुम्ही चुकून नाकारली आहे, त्याला ते तुम्हाला कळवायला दुसरी जागा नाही. बाउन्सच्या मजकुरात तो पत्ता लिहायला विसरू नका.