ग्रँट-कोर्स की बार यू : जुनी गुरांची रँच पाहायची असेल तर कोणती निवडावी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत यलोस्टोन आणि ग्लेशियर ही उद्याने एकाच दौऱ्यात पाहणारी किंवा कॅल्गरीला उतरून रॉकी पर्वताकडे जाणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. अशा प्रवासात अर्धा दिवस काढता येत असेल, तर दोन जुन्या रँच, म्हणजे गुरे पाळण्याची मोठाली शेतशिवारे, विचारात घेण्याजोग्या आहेत. ग्रँट-कोर्स रँच ही माँटाना राज्यातील डिअर लॉज या गावाला लागून आहे, तर बार यू रँच ही कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लाँगव्ह्यूच्या दक्षिणेला. दोन्हींच्या इमारती मूळ जागीच उभ्या आहेत आणि दोन्ही त्या त्या देशाच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात आहेत. पहिल्या ठिकाणी मुख्यतः एका घराण्याचा संसार पाहायला मिळतो, तर दुसऱ्या ठिकाणी पगारावर राबणाऱ्या माणसांचे काम, आणि निवड करताना हाच फरक लक्षात घ्यावा असे मला वाटते.

ग्रँट-कोर्सची सुरुवात जॉनी ग्रँट या मेटी (युरोपीय आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या समाजातील) व्यापाऱ्याने केली. पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांची चालून थकलेली, हाडे निघालेली जनावरे तो आपल्या धष्टपुष्ट जनावरांच्या बदल्यात घेई आणि ती कुरणात चारून पुढच्या हंगामात पुन्हा सौद्याला आणी. त्याने 1862 साली बांधलेले घर आजही उभे आहे. 1866 साली ही रँच कॉनराड कोर्सने विकत घेतली. उत्तर जर्मनीतील होल्स्टाइनमधून आलेला हा माणूस सोन्याच्या खाणींच्या वस्त्यांत खाटीककाम करत असे, त्यामुळे मांसाला गिऱ्हाईक कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे त्याची आणि त्याचा सावत्र भाऊ जॉन बीलेनबर्ग याची गुरे कित्येक लाख एकर मोकळ्या माळावर चरू लागली. 1886-87च्या भीषण हिवाळ्याने या पद्धतीचा कणा मोडला. बर्फाखाली गवत गाडले गेले आणि साठवलेला चारा नसल्यामुळे ठिकठिकाणी कळपच्या कळप मेले. त्यानंतर कुंपण घालणे आणि हिवाळ्यासाठी गवत कापून ठेवणे रँचवाल्यांना भागच पडले.

हा बदल इथे प्रत्यक्ष पाहता येतो. बीव्हरस्लाइड नावाचा उंच, तिरका लाकडी सांगाडा नीट निरखावा. घोड्यांच्या ओढीने गवताचा भारा त्याच्या उतारावरून वर चढतो आणि पलीकडे गंजीवर पडतो. घराच्या आत कॉनराडची पत्नी ऑगस्टा हिने जमवलेले सामानसुमान आहे. कोर्सचा नातू कॉन वॉरन याने 1972 साली ही मालमत्ता राष्ट्रीय उद्यान विभागाच्या हवाली केली, तोवर ती एकाच कुटुंबाकडे राहिल्यामुळे खुर्च्या-पडद्यांपासून हिशेबाच्या कागदांपर्यंत सारे टिकले. रँचवर आजही गुरे पाळली जातात. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र घराचा आतला भाग मार्गदर्शकासोबतच पाहता येतो, म्हणून तिथे पोहोचताच आधी फेरीची वेळ विचारावी.

बार यूचा इतिहास घराण्याचा नसून कंपनीचा आहे. माँट्रियलच्या ॲलन कुटुंबाच्या भांडवलावर 1882 साली तिची स्थापना झाली आणि त्याच वर्षी आयडाहोहून सुमारे 3,000 गुरे हाकत आणली गेली. त्या हाकणाऱ्यांत जॉन वेअर हा गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय काउबॉय होता, जो पुढे स्वतः रँचमालक झाला. 1902 साली रँच जॉर्ज लेन आणि त्याच्या भागीदारांकडे गेली. लेनने इथे पर्शेरॉन जातीच्या भारदस्त घोड्यांची पैदास वाढवली आणि 1912च्या पहिल्या कॅल्गरी स्टॅम्पीडला, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींच्या मोठ्या महोत्सवाला, पैसा पुरवणाऱ्या चौघांपैकी तो एक होता. 1927पासून मालकी पॅट्रिक बर्न्स या मांसव्यापाऱ्याकडे आली. तिथे लोहारशाळा, खोगिरांची खोली, कामगारांच्या राहण्याच्या खोल्या आणि घोड्यांचे तबेले हेच मुख्य आहे. पर्शेरॉन जुंपलेल्या गाडीतून फेरी मारता येते आणि दोर फेकून फास टाकायला शिकता येते. मुलांना हे निश्चितच अधिक आवडेल. लगतच्या प्रदेशातील स्टोनी नाकोडा आणि ब्लॅकफूट या मूळनिवासी लोकांनीही या रँचवर काम केले आहे. त्यांची ही मूळ भूमी होती, हे विसरून ही रँच पाहू नये.

बार यू साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच खुली असते आणि कॅल्गरीपासून सुमारे 100 किलोमीटरवर आहे. डिअर लॉज थेट आंतरराज्य महामार्ग 90वर असल्याने वाट वाकडी करावी लागत नाही. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा व्यवसाय मांसासाठीच होता आणि जनावरांना डाग देण्यापासून कत्तलखान्यापर्यंतचा विषय दोन्हीकडे येणारच. ज्यांना तो सहन होणार नाही, त्यांनी तिकडे न जाणे बरे.

मला एकच निवडायची असेल, तर मी ग्रँट-कोर्स निवडेन, कारण माळावरचे मोकळे चरणे संपून गवताच्या गंजीपर्यंत झालेले स्थित्यंतर तिथे एकाच आवारात उलगडते. पण सोबत लहान मुले असतील आणि मुक्काम कॅल्गरीतच असेल, तर सीमा ओलांडून एवढ्या दूर जाण्याऐवजी बार यूलाच जावे.