चार्जरवर छप्पर हवं: सोलापुरातल्या ईव्हीचा वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव मे महिन्यात लिहायला घेतला, तेव्हा नुसती तक्रारच लिहायची होती. पुणे रस्त्यावर भर दुपारी चार्जरपाशी तास-दीड तास उन्हात काढून आले होते आणि डोकं शांत व्हायला तयार नव्हतं. चार परिच्छेद लिहिले आणि ते तसेच पडून राहिले. आता पाऊस सरत आलाय. मधल्या काळात काही मतं बदलली, काही आणखी पक्की झाली, म्हणून सगळं एकत्र करून लिहिते आहे. गाडी म्हणाल तर ईव्ही, म्हणजे विजेवर चालणारी, २४ युनिटची बॅटरी असलेली छोटी हॅचबॅक. एका चार्जवर कागदावर तीनशेच्या आसपास किलोमीटर रेंज. बाकी माहिती सगळीकडे आहे.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. नोकरी चिंचोली एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, अकाउंट्सला. विजापूर रोड, सात रस्ता, पुणे नाका, बाळे, केगाव असा रोजचा रस्ता, येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर. या कामासाठी गाडीला नाव ठेवायला जागा नाही. सात रस्त्याच्या गर्दीत क्लच नाही, गिअर नाही, पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. संध्याकाळी घरी येताना पूर्वी डावा गुडघा दुखायचा, तो आता दुखत नाही. शहरात एसी लावूनही एका युनिटला साडेसात-आठ किलोमीटर जाते. म्हणजे पूर्ण चार्जवर एकशे ऐंशी ते दोनशे किलोमीटर धरायचे. हायवेवर नव्वदच्या पुढे गेलं की दीडशे-एकशे साठ.

खर्चाचं खरं गणित कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. ‘किलोमीटरला पन्नास पैसे’ वगैरे आमच्याकडे पडत नाही. महावितरणचे स्लॅब आहेत: शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. घराचा वापर आधीच दोनशेच्या आसपास असेल तर गाडीचे युनिट वरच्या, महागड्या स्लॅबमध्येच जाऊन बसतात. शिवाय बॅटरीत २४ युनिट भरायला मीटरवर सव्वीस-सत्तावीस पडतात, कारण चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते. सगळं धरून आम्हाला गाडीचं युनिट चौदा-पंधरा रुपयांना आणि किलोमीटर दोन रुपयांच्या आसपास पडतो. जुन्या पेट्रोल गाडीला सातच्या घरात पडायचा. बचत भरपूर आहे, पण जाहिरातीतल्या आकड्याइतकी नाही.

घरी चार्जिंगचं जमवायला सगळ्यात जास्त डोकं अर्थिंगने खाल्लं. पंधरा अँपिअरचा सॉकेट वेगळ्या वायरने ओढला, लोड वाढवून घेतला, तरी केबलवरचा लाल दिवा जाईना. अर्थिंग नीट मिळत नसेल तर गाडी चार्जिंग घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे. इलेक्ट्रिशियनने मीठ-कोळसा भरून नवा खड्डा केला, तेव्हा चालू झालं. उन्हाळ्यात आमची जमीन इतकी वाळते की तो खड्डा कोरडा पडला की पुन्हा तेच. त्यात पाणी ओतावं लागतं. नळाला पाणी दिवसाआडही येत नाही अशा शहरात ते जपून करावं लागतं, म्हणून भांडी विसळलेलं पाणी आम्ही तिकडे वळवलं. मार्चपासून जूनपर्यंत हे विसरू नका. बाकी घरचं चार्जिंग म्हणजे रात्री लावा, सकाळी काढा.

आता मूळ मुद्दा, बाहेरचं चार्जिंग.

मे महिन्यात सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला न्यायचं होतं. अंतर अडीचशे किलोमीटर, म्हणजे वाटेत एकदा चार्ज करणं आलंच. टेंभुर्णी ते इंदापूरच्या पट्ट्यात एका हॉटेलच्या आवारात डीसी, म्हणजे जलद चार्जर आहे, तिथे थांबलो. दुपारचे अडीच. हॉटेलची इमारत एकीकडे, झाडं दुसरीकडे आणि चार्जर कंपाऊंडच्या टोकाला, उघड्या डांबरावर. स्क्रीनवर ऊन पडलेलं, काही दिसेना. क्यूआर कोडचा कागद उन्हाने इतका पांढरा पडलेला की फोन तो वाचेना. दोन मिनिटांत फोन तापला आणि त्याने आपला उजेड कमी केला, त्यामुळे ओटीपीही दिसेना. गनचं, म्हणजे गाडीत लावायच्या केबलच्या टोकाचं, काळं हँडल ओढणी गुंडाळल्याशिवाय धरवत नव्हतं. एवढं करून चार्जिंग सुरू झालं, तर वेग बारा-तेरा किलोवॅट. ही गाडी एरवी त्याच्या जवळजवळ दुप्पट घेते. मध्ये एकदा बंद पडलं, वॉलेटमधले पैसे कापले गेले, पुन्हा सुरू करावं लागलं. सासूबाई हॉटेलात बसल्या, मी गाडीपाशी. आत बसून एसी लावला असता तर आधीच कमी येणारी वीज त्यात गेली असती, तीही बाहेरच्या दराने.

चार्जर कंपनीच्या हेल्पलाइनने सांगितलं, मशीन व्यवस्थित आहे, तुमची गाडीच कमी घेतेय. गाडीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, गाडी व्यवस्थित आहे, चार्जरच कमी देतोय. कापलेले पैसे परत यायला कित्येक आठवडे आणि ढीगभर मेल लागले. त्या पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे की दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, बाई, तेव्हा ऊन किती होतं.

कारण उत्तर तिथेच होतं. तिथल्या पोऱ्याने मला तेव्हाच सांगितलं होतं, “मॅडम, दुपारचं मशीन बी दमतंय बगा. सकाळी या, पळतंय.” मग परतीच्या वेळी आम्ही पुण्याहून पहाटे निघालो आणि सात-साडेसातला त्याच चार्जरवर गाडी लावली. चोवीस किलोवॅट. तीच गाडी, तीच गन. आणि पुण्यात एका मॉलच्या तळघरात भर दुपारीसुद्धा तेवढाच वेग मिळाला होता. म्हणजे गाडी ठीक, मशीनही ठीक, जागा चुकीची.

यामागचं कारण समजून घ्या. बॅटरी तापली की गाडीची यंत्रणा स्वतःहून वीज कमी घेते, बॅटरी जपण्यासाठी. शिवाय बॅटरी थंड ठेवायला कॉम्प्रेसर चालवते, आणि तो चालतो तुम्ही विकत घेतलेल्या युनिटवर. म्हणून दुपारी बिलावरचे युनिट आणि बॅटरीत पडलेले युनिट यांत जास्त फरक दिसतो. चार्जरच्या आतही वीज बदलणारे मॉड्यूल असतात. तेही तापले की आपला वेग उतरवतात, आणि पंख्यांच्या जाळीत धूळ बसली असेल तर आणखी लवकर. आमच्याकडे धूळही आहे आणि ऊनही.

यावर कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं की मशीन पन्नास अंशांपर्यंत चालतं. चालत असेल, पण हवामान खातं सोलापूरचं ४२ किंवा ४३ अंश सांगतं ते सावलीतलं असतं, पेटीत ठेवलेल्या तापमापकावरचं. मशीनच्या कागदावरचे पन्नास अंशही हवेचे असतात. उघड्यावर सकाळपासून ऊन खाणाऱ्या लोखंडी कपाटाच्या आत काय होत असेल, ते त्या कपाटाला हात लावला की कळतं. छप्पर टाकल्याने हवा थंड होणार नाही, हे मलाही कळतं. पण वरून पडणारं थेट ऊन आणि खालून तापलेलं डांबर, या दोन्हींपासून मशीन, गाडी आणि माणूस तिघंही वाचतात.

पेट्रोल पंपावर तीन-चार मिनिटं थांबणाऱ्या माणसाच्या डोक्यावर भलंमोठं छत असतं. पाऊण-एक तास थांबायला लागणाऱ्या माणसाला मात्र कंपाऊंडचा कोपरा. हा हिशेब मला अजिबात पटत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २० किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलंय, आणि सगळी चर्चा किती स्टेशनं झाली याचीच होते. सोलापूर, धाराशिव, लातूर, कलबुर्गी या भागात दुपारी अर्ध्या वेगाने चालणारा चार्जर म्हणजे अर्धाच चार्जर. एका गाडीला दुप्पट वेळ लागला की मागची गाडीही तेवढा वेळ ताटकळते. मग कुणीतरी लिहितं की ईव्ही लांबच्या प्रवासाला कामाची नाही.

इथपर्यंतचं सगळं मे-जूनमधलं. आता बदल.

जुलैत पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. आषाढीच्या आसपासचे दिवस होते, पंढरपूरकडची वाहतूक वळवलेली, त्यामुळे थोडं जास्त फिरून पोचलो. त्या हॉटेलात पाहिलं तर चार्जरवर हिरवं शेडनेट! चार लोखंडी पाइप, वर दुहेरी जाळी, कडेला दोऱ्यांनी ताणून बांधलेली. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेत आणि रोपवाटिकेत वापरतात तीच. मे महिन्यात मी हॉटेलच्या मालकांशी बराच वेळ बोलले होते. ते तेव्हा म्हणाले होते, “मॅडम, मशीन कंपनीचं आहे, आम्हाला हात लावता येत नाही.” मी म्हटलं, “मालक, मशीनला हात लावू नका, पण जागा तर तुमची आहे ना?” ते काही करतील असं मला वाटलं नव्हतं. आता विचारलं तर म्हणाले, “घरी बागेतलं शिल्लक होतं, आणून बांधलं. आता गाडीवाले आत येऊन जेवायलेत, पहिले गाडीतच बसून राहायचे.” त्यांच्या तोंडून हे ऐकताना फार बरं वाटलं. ज्यांच्या हातात सगळं आहे त्यांनी काही केलं नाही, आणि डाळिंबाच्या शेतकऱ्याने जाळी आणून प्रश्न सोडवायला घेतला.

त्या दिवशी ढग होते, त्यामुळे वाढलेला वेग जाळीमुळे होता असं म्हणणार नाही. पण स्क्रीन दिसत होता, नवा क्यूआर जाळीखाली शाबूत होता आणि गन उघड्या हाताने धरता आली. मे महिन्यात लिहिलेल्या मजकुरात मी म्हटलं होतं की या रस्त्याने ईव्ही नेऊच नका. ते वाक्य आज मागे घेते. न्या, फक्त वेळ पाळा. पहाटे निघा, चार्जिंग साडेदहाच्या आत उरका किंवा संध्याकाळी करा. ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्ज करत बसू नका, तिथून वेग तसाही पडतो आणि वेळ वाया जातो. वरवडे, सरडेवाडी, पाटस या टोलनाक्यांवर ईव्हीलाही टोल द्यावाच लागतो, तो हिशेबात धरा. बाहेरचं युनिट वीस-पंचवीस रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हायवेवर किलोमीटर चार रुपयांच्या आसपास जातो. सीएनजीपेक्षा स्वस्त नाही. त्यामुळे घरून शंभर टक्के भरून निघा आणि वाटेत पोचण्यापुरतंच घ्या.

ऑगस्टमध्ये दुसरी बाजू कळली. मुसळधार पाऊस चालू होता आणि जाळीतून सगळं पाणी खाली येत होतं. पावसात गन लावायला लोक घाबरतात. गाडी आणि चार्जर यांचं आपसात बोलणं होऊन, गळती तपासून झाल्याशिवाय गनमध्ये विजेचा मोठा दाब येतच नाही, त्यामुळे शॉक बसण्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण डोक्यावर पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जड केबल आणि तोंडात फोन धरून हे काम साठीच्या पुढचं माणूस करू शकणार नाही. माझ्या सासूबाईंना एकटीने गाडी न्यायची वेळ आली तर? त्या गाडी चालवतात, चांगली चालवतात. म्हणून माझी मागणी आता जाळीवर थांबत नाही. पत्र्याचं किंवा सोलर पॅनेलचं पक्कं छप्पर, दोन गाड्या मावतील एवढं, खाली एक बाक आणि रात्रीसाठी एक दिवा. डीसी मशीन बसवायला जो खर्च येतो, त्यापुढे हे काहीच नाही.

हे सगळं चार्जर कंपनीला फोटोंसह कळवलंय, सकाळच्या आणि दुपारच्या वेगाचे स्क्रीनशॉट जोडून. ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ एवढं उत्तर आलं. दर महिन्याला पुन्हा पाठवते आहे आणि पाठवत राहणार.

गाडी घ्यावी का? घरी स्वतःचं पार्किंग आणि नीट अर्थिंग असेल आणि रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटरच्या आत असेल, तर सोलापुरात डोळे झाकून घ्या. घरी चार्जिंगची सोय नसेल तर अजून थांबा.

आणि एक विनंती. मॅपवर किंवा अ‍ॅपमध्ये चार्जरचा फोटो टाकता तेव्हा नुसता मशीनचा जवळून टाकू नका. थोडं मागे सरकून काढा, वर छप्पर आहे की नाही ते दिसलं पाहिजे. किती वाजता किती किलोवॅट मिळाले तेही लिहा. दुपारी वाट काढणाऱ्याला दुसरं काही नको असतं.