जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? फॉर्म भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या वॉर्डात कुणाची ना कुणाची भाची येऊन उभी राहते. "सिस्टर, जीएनएम करू की बीएस्सी?" (जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा, बीएस्सी म्हणजे नर्सिंगची पदवी.) पोटात मात्र वेगळेच प्रश्न असतात. रक्त बघून चक्कर आली तर? इंग्रजी झेपेल का? नाइट ड्युटीला घरचे सोडतील का? मी आधी जीएनएम केलं, सहा वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतर करायची पदवी, केलं. दोन्हीकडचं पाणी चाखलंय, म्हणून सांगते.

आधी पात्रता बघ. बीएस्सीला बारावी सायन्स लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि खुल्या वर्गाला ४५ टक्के. कोर्स चार वर्षांचा, प्रवेशासाठी सीईटी. जीएनएम तीन वर्षांचं आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही चालतं, म्हणजे सायन्स नसेल तर तुझा निर्णय इथंच झाला. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. गावातल्या आरोग्य उपकेंद्रावरचं ते काम मोलाचं आहे, पण त्यातून 'रजिस्टर्ड नर्स' होता येत नाही. जीएनएमला जागा मिळत असेल तर एएनएमवर थांबू नकोस.

"जीएनएमला आता किंमत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. दोन्ही कोर्सनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी एकच, नर्स आणि मिडवाइफ म्हणून. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी दोघींना एकच, ३५,४०० पासून सुरू होणारी. वॉर्डातला पेशंट तर कुणालाच डिग्री विचारत नाही.

फरक पडतो तो पुढच्या वाटांत. एम्सच्या भरतीची नॉरसेट परीक्षा बीएस्सीवाली पास झाल्या झाल्या देऊ शकते. जीएनएमवालीला त्याआधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी व्हायचं असेल तर पदवीच हवी. (पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना थेट चार वर्षांच्या बीएस्सीला घेतात, पण तिथं नीटचे गुण बघतात. बारावीतच कळलं तर उपयोग.) एमएस्सी करून ट्यूटर, प्रोफेसर व्हायचं तरी पदवी लागतेच. जीएनएमवरून तिथं जायला मध्ये दोन वर्षांचं पोस्ट बेसिक, म्हणजे चारऐवजी पाच वर्षं. कागदावर फरक एका वर्षाचा दिसतो. माझं मूल तेव्हा दीड वर्षाचं होतं, पगार थांबला होता आणि पुस्तक उघडायला रात्रीचे अकरा वाजायचे. "नंतर करू" म्हणताना एवढं लक्षात ठेव. जर्मनीची वाट दोघींनाही खुली आहे, पण तिथं खरी परीक्षा जर्मन भाषेची, बी-२ पातळीपर्यंतची.

म्हणून माझं मत सरळ आहे. सायन्स आहे, सरकारी किंवा परवडणारी जागा मिळतेय, तर बीएस्सी घे. घरात कमावणारं एकच माणूस असेल आणि वर्षभर आधी हातात पगार येणं गरजेचं असेल, तर जीएनएम बिनदिक्कत घे. कर्ज काढून महागडी खासगी बीएस्सी करण्याआधी मात्र दहादा विचार कर. खासगी रुग्णालयातल्या सुरुवातीच्या पगारात मोठा हप्ता जड जातो. मुलगी असशील तर आणखी एक बघ. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटात आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास २०२४ पासून पूर्ण शुल्कसवलत आहे. तुझ्या कॉलेजच्या त्या जागेला ती लागू आहे का, हे फी भरण्याआधी विचार.

आणि आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. कोर्सच्या नावापेक्षा कॉलेजचं रुग्णालय बघ. गेल्या वर्षी आमच्याकडे दोन विद्यार्थिनी पोस्टिंगला आल्या. एक बीएस्सी तिसऱ्या वर्षाची, एक जीएनएम दुसऱ्या वर्षाची. बीएस्सीवालीला ब्लड प्रेशरची सगळी थिअरी पाठ, पण आजींच्या दंडाला कफ बांधून स्टेथोस्कोप नुसताच कोपरावर ठेवला आणि काहीच ऐकू येईना. हात थरथरायला लागले. आजीच म्हणाल्या, "सावकाश घे बाई, मी कुठं पळतेय." जीएनएमवालीनं शेजारी येऊन आधी दोन बोटांनी कोपराच्या आतली नाडी चाचपली, "इथं ठेव, ताई" म्हणाली. बीएस्सीवाली मुलगी हुशारच होती. तिच्या कॉलेजच्या रुग्णालयात खाटा होत्या, पेशंट नव्हते. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, कारण तिच्या घरच्यांनी भरलेली फी खरी होती.

चक्कर मलाही आली होती, पहिल्याच ड्रेसिंगला. भिंतीला टेकून खाली बसले, इनचार्ज सिस्टरनं पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ड्रेसिंगला उभं केलं. महिन्याभरात गेली ती. नाश्ता न करता वॉर्डात जाऊ नकोस, निम्मी चक्कर त्यानंच टळते. इंग्रजीचं म्हणशील तर पुस्तकं दोन्हीकडे इंग्रजीच, पण शब्द तेच ते येतात. मराठी शाळेतून आलेल्या कितीतरी जणी सहा महिन्यांत नोट्स काढायला लागतात.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक घे, पण तिथंच थांबू नकोस. सकाळी नऊ-दहाला रुग्णालयाच्या ओपीडीत बस, रांग किती आहे बघ. मग होस्टेलच्या दारात एखादी दुसऱ्या वर्षाची ताई गाठ आणि विचार, "काल वॉर्डात काय काय केलंत?"