नौपाड्यातलं ड्रेपरीचं दुकान आणि तिथली कॉमेडीची पेटी

ठाण्यात नौपाड्यातल्या गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे, बोर्ड छोटा आहे त्यामुळे नवीन माणूस हमखास पुढे निघून जातो. शाळांची गॅदरिंग, सोसायट्यांचे गणपती, एकांकिका स्पर्धा, फॅन्सी ड्रेस, सगळ्यासाठी लागणारे कपडे, दागिने, टोप, मुकुट, तलवारी इथे भाड्याने मिळतात. मालक साठीच्या पुढचे काका, मदतीला काकू आणि एक मुलगा. मागच्या गणपतीत आम्ही घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत एकांकिका केली तिचे सगळे कपडे इथूनच घेतले, तेव्हापासून रिव्ह्यू लिहायचा राहिला होता, आता परत सीझन जवळ आलाय तर लिहूनच टाकते. लांबेल, कारण कपड्यांसोबत अजून एका गोष्टीबद्दल बोलायचंय.

आमच्या एकांकिकेतलं मुख्य पात्र म्हणजे साडीच्या दुकानात आयुष्य घालवून रिटायर झालेला सेल्समन. आवाज मऊ, चाल मऊ, बायकांच्या गप्पांत रमणारा, तरुणपणी गणपतीतल्या मेळ्यात स्त्रीपार्ट, म्हणजे बाईचं काम, केलेला. राम मारुती रोडला किंवा दादरला साडी घ्यायला गेलात तर असा माणूस तुम्ही पाहिलाच असेल, तो गादीवर उभा राहून साडी स्वतःच्याच अंगाला लावतो, झरझर निऱ्या घालतो, पदर खांद्यावर टाकून काठ दाखवतो, आणि समोर बसलेल्या बायका काठ बघतात, रंग बघतात, कोणाला हसू येत नाही. पण तोच माणूस पिक्चरमध्ये आला की एंट्रीलाच थिएटर हसायला लागतं. हे मला फार वर्षं खुपत होतं म्हणून तर एकांकिका लिहिली.

काकांना सांगितलं की असं असं पात्र आहे, थोडं बायकी वागणारं. ते लगेच म्हणाले, "कॉमेडी ना? देतो की ताई," आणि मुलाला हाक मारली. त्याने आतून एक पत्र्याची पेटी आणली, झाकणावर खडूने कॉमेडी लिहिलेलं. आत गुलाबी सॅटिनचा शर्ट, फुलाफुलांची टाइट पॅंट, गळ्यात बांधायचा पिवळा स्कार्फ, मोठ्या रिंगा, खोटी पर्स, आणि एक केसांचा टोप ज्याच्यावर जांभळी क्लिप आधीच लावून ठेवलेली. काका म्हणाले की गॅदरिंगच्या सीझनला ही पेटी सगळ्यात जास्त बाहेर असते, पोरं येतात, पिक्चरमधला असतो ना तसा पाहिजे म्हणतात, ह्यांनी द्यायचं.

मला त्या पेटीपुढे उभं राहून खरंच वाईट वाटलं, काकांचा राग नाही आला, ते मागणी तसा पुरवठा करतात. पण ती मागणी आली कुठून ते अगदी उघड दिसत होतं. १९९१ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी मस्त कलंदरमध्ये अनुपम खेरचा बायकी वागणारा पिंकू आला, फक्त हसण्यासाठी. त्याच वर्षी सडकमध्ये आपल्या सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी महारानी केली, ती घाबरवण्यासाठी, आणि काय काम केलंय त्या माणसाने, खलनायकासाठी फिल्मफेअर मिळालं त्यांना. पण प्रेक्षकाच्या डोक्यात काय राहिलं, तर असा माणूस एकतर खिल्लीचा नाहीतर भीतीचा. लोकलमध्ये टाळ्या वाजवत आलेल्या माणसाकडे आपण ज्या नजरेने बघतो त्यात या दोन्ही गोष्टी असतात. आणि बायकी वागणारा पुरुष, गे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती ही तीन वेगवेगळी माणसं आहेत हे तर आपल्या सिनेमाने कितीतरी वर्षं मान्यच केलं नाही, तिघांना एकाच पेटीतले कपडे.

इथे कोणीतरी म्हणेलच की मग अशी ही बनवाबनवीचं काय. मला तो पिक्चर मनापासून आवडतो आणि माझं म्हणणं असं की त्यातला विनोद वेगळा आहे. १९८८ चा पिक्चर, पुण्यात भाड्याने जागा मिळेना म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बायका बनून राहतात, आणि आपण हसतो ते पकडले जातील या धास्तीला, लक्ष्मीकांतच्या पार्वतीच्या डोहाळजेवणाला. लीलाबाईंच्या घरात सुधा आणि पार्वती यांना सुनांसारखाच मान आहे, बाईपणाची टिंगल त्यात फारशी नाही. बरोब्बर वीस वर्षांनी, २००८ मध्ये दोस्ताना आला, तिथेही जागेसाठीच खोटं बोलायचं, फक्त मायामीत, आणि सोंग गे जोडप्याचं. पण तिथे हसायचं कशाला, तर दोन पुरुष एकमेकांच्या जवळ आले की त्यालाच, आणि बोमन इराणीचा बॉस आला की त्याच्या नखऱ्यांना. मधल्या काळात कल हो ना हो मध्ये दोन हिरोंना एकत्र बघून घरकाम करणाऱ्या कांताबेनचे डोळे मोठे करून झाले होतेच. काही लोक म्हणतात की निदान विषय घरात तरी आला, ते मला थोडंसं पटतं. पण शाळेत मऊ आवाजाच्या पोराला पुढची कितीतरी वर्षं याच पिक्चरांतली नावं ठेवली गेली तेही घराघरातच आलं.

असो, दुकानावर येते. मी काकांना म्हटलं की काका, हा माणूस हसण्यासाठी नाहीये, नाटक त्याचंच आहे. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग पेटी बंद करून पायाने बाजूला सारली आणि म्हणाले, "मग ह्याला कपडे साधेच पाहिजेत. जे काय आहे ते त्याच्या हातात आहे ना." आणि स्वतः आत जाऊन काय घेऊन आले तर फिकट बदामी रंगाचा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, जुन्या पद्धतीची ढगळ पॅंट आणि गळ्यात टाकायला मोजमापाची टेप. शर्टाची कॉलर मागून किंचित झिजलेली होती, मी बदलून मागणार होते तर म्हणाले राहू दे, पंचवीस वर्षं मान वाकवून साड्या दाखवल्यात त्याने. खिशाला पेन लावायचा आणि खांद्यावर दोन टाचण्या टोचून ठेवायच्या, पदर लावायला लागतात, हेही त्यांनीच सुचवलं. एवढं बारीक बघणारा माणूस भाड्याच्या कपड्यांच्या धंद्यात मी दुसरा पाहिला नाही.

दुसरा ड्रेस होता मेळ्यातल्या स्त्रीपार्टाचा, म्हणजे नऊवारी. इथे काकूंचं राज्य. त्यांच्याकडे पुरुषांच्या मापाचे वेगळे शिवलेले ब्लाऊज आहेत, खांदा रुंद, मुंढा मोठा, आत भसाभस कापूस कोंबलेला नाही. आमचा नट चांगला आडवातिडवा, बॅंकेत नोकरी करतो, तो बिचारा संकोचला होता, काकू त्याला एकदाही हसल्या नाहीत, उलट पायात अंतर किती ठेवायचं, ओचा कुठे येतो, बसताना निऱ्या कशा सावरायच्या हे आपल्या मुलाला शिकवावं तसं दाखवलं. भिंतीवर बालगंधर्वांचा फोटो आहे, शालू नेसलेला. काकू म्हणाल्या की नटरंग आणि बालगंधर्व हे पिक्चर आले तेव्हा काही वर्षं चांगली नऊवारी, चांगले दागिने मागणारे पुरुष जास्त येत होते, मग परत पेटी सुरू.

ते दोन पिक्चर आणि त्यांच्या आगेमागे आलेला जोगवा, यांनी मराठीत मोठं काम केलं यात शंकाच नाही. नटरंगमधला गुणा, पिळदार शरीराचा मजूर, त्याला राजा व्हायचं असतं आणि तमाशाच्या फडाला नाच्या मिळेना म्हणून तो स्वतः नाच्या होतो, मग गाव त्याचं काय करतं ते अतुल कुलकर्णीच्या अंगावर दिसतं, बघवत नाही. जोगवामध्ये उपेंद्र लिमयेचा तायप्पा, जबरदस्तीने जोगता करून, म्हणजे देवीला सोडून, लुगडं नेसवलेला, त्या कामाला नॅशनल अवॉर्ड मिळालं. दोन्ही वेळा मी रडले. पण एकांकिका लिहिताना हे पिक्चर परत पाहिले तेव्हा लक्षात आलं की आपली माया कोणावर बसते, तर जो मुळात मर्दानी आहे आणि कलेपायी किंवा नाइलाजाने लुगडं नेसतो त्याच्यावर. गुणाला बायको आहे हे पिक्चर विसरू देत नाही, आणि तायप्पा सुटतो म्हणजे लुगड्यातून सुटतो. बालगंधर्वांचं बाईपण रंगमंचावरचं, त्यांची साडी आणि गजरे बघून बायका फॅशन करायच्या, त्याला सगळ्यांनी मुजरा केला. मात्र ज्याची चालच तशी आहे, ज्याच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, जो नाटक संपल्यावरही तसाच राहतो, त्याला हिरो करायला कोणी तयार नाही. हिंदीतही गे हिरो आला तो कपूर अँड सन्समधल्या फवाद खानसारखा देखणा, रुबाबदार, म्हणजे कोणाला चालीवरून कळणार नाही असा, तेव्हा कुठे लोकांनी मान्य केला. तिथेही मऊ पुरुष बाजूलाच राहिला, हिरोचा मित्र नाहीतर डिझायनर.

रवी जाधव यांनी नटरंग, बालगंधर्व आणि मग २०२३ मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्यावरची ताली सीरिज केली, एकाच दिग्दर्शकाने असं लुगड्यापासून ओळखीपर्यंत येणं मला महत्त्वाचं वाटतं, जरी गौरीताईंची भूमिका सुश्मिता सेनने केली आणि एखाद्या तृतीयपंथी कलाकाराने केली नाही हे खटकलं. अलिगढ पिक्चरमधले, गे असल्यामुळे निलंबित झालेले प्रोफेसर सिरास तर आपलेच, मराठी शिकवणारे, कविता करणारे, मनोज वाजपेयीने त्यांचा हळुवारपणा एवढा जपलाय की हसायची कोणाची हिंमत होत नाही. आणि २०२५ मध्ये रोहन कानवडेंच्या साबर बोंडं या पिक्चरला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला ग्रँड ज्युरी प्राईझ मिळालं, एक शहरातून आलेला आणि एक गावातला असे दोन पुरुष, वडिलांचं सुतक, आणि दोघांच्या प्रेमाकडे पिक्चर इतक्या साधेपणाने बघतो की नसेल पाहिला तर आवर्जून बघा.

आमच्या तालमीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो हातांवर. नट चांगला आहे पण पहिल्या वाचनाला त्याने मनगट मोडून, मान वेळावून, शेवटचा शब्द लांबवून सुरुवात केली, कारण त्याने आणि आपण सगळ्यांनी तेच पाहिलंय. मग काकांच्या सांगण्यावरून त्याला एका साडीच्या दुकानात नेऊन बसवलं. त्या सेल्समनचे हात मऊ होते पण फुकट हलत नव्हते, प्रत्येक हालचाल कापडासाठी होती. ते जमलं आणि पात्र उभं राहिलं. एंट्रीला मागच्या रांगेतून हसू आलंच, पण प्रयोगानंतर एका काकूंनी येऊन विचारलं की तुमचे हे नट खरंच कुठल्या साडीच्या दुकानात होते का हो.

आता व्यवहाराचं. नऊवारी, ब्लाऊज, दागिने असा पूर्ण सेट दिवसाला सहाशे, साधे कपडे दीडशे-दोनशे, डिपॉझिट हजार, ते परत करताना लगेच मिळालं. जीपे चालतं. पावसाळ्यात जाड कपड्यांना कुबट वास येतो, शेरवानी आणि अंगरखे घेत असाल तर दोन दिवस आधी आणून वाऱ्यावर टाका. टोप मात्र घेऊ नका, जुने झालेत, खाजतात आणि कानामागे जाळी दिसते, आम्ही शेवटी दुसरीकडून आणला. जिना अरुंद आणि चढा आहे, वयस्कर माणसाला वर नेऊ नका. पार्किंग विसरा, रिक्षाने जा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर काका काकूंना बोलायलाही वेळ नसतो, तेव्हा महिनाभर आधी जाऊन पात्र नीट समजावून सांगा आणि ब्लाऊजची ट्रायल अंगावर घेऊनच निघा. माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापलाय तो टोपांसाठी. आणि शाळेतल्या शिक्षकांना विनंती, तुमच्या गॅदरिंगच्या स्किटसाठी पोरं ती पत्र्याची पेटी मागायला निघाली तर आधी स्किट एकदा स्वतः वाचा, वर्गात मऊ बोलणारा एखादा मुलगा ते समोर बसून बघणार असतो.