तुंबलेलं सिंक: पावडर टाकायची की प्लंजर मारायचा?

सिंक तुंबलं की हात आधी ड्रेन क्लीनरच्या पावडरीकडे जातो. बहुतेक पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. तो तेलकट थर आणि केस विरघळवतो, पण पाणी हळूहळू का होईना उतरत असेल तरच. पाणी पूर्ण अडलं असेल तर पावडर वरच वाया जाते, नाहीतर पाइपच्या बेंडमध्ये, म्हणजे वळणात, दगडासारखी घट्ट बसते. शिवाय पाण्यात ती चांगलीच तापते. पीव्हीसीचे जोड नरम पडू शकतात आणि अ‍ॅल्युमिनियम तर ती खातेच.

माझा कौल प्लंजरला, म्हणजे दांड्याला रबराची वाटी लावलेल्या साधनाला. तोही लोक चुकीचाच मारतात म्हणा! नुसता जोर लावून दाबायचा नसतो. अडकलेला बोळा हलतो तो खेचण्याने. रबराची वाटी बुडेल एवढं पाणी हवं. बेसिनच्या वरच्या कडेजवळचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने गच्च बंद करा, जोड-सिंक असेल तर दुसरी जाळीही. हवा तिथून निसटली की सगळी मेहनत पाण्यात.

दोन्ही उपाय एकामागोमाग मात्र नकोत. पावडर टाकल्यावर प्लंजर मारला तर कॉस्टिकचं पाणी थेट डोळ्यांत उडतं. आणि अ‍ॅसिडवर ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

प्लंजरनेही सुटलं नाही तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा बाटलीसारखा भाग, हाताने खोला. बहुतेक वेळा घाण तिथेच साचलेली असते.