मराठी 'लागणे' की हिंदी 'लगना'?
दिसायला जुळी भावंडं. भूक लागली, भूख लगी, रडायला लागला, रोने लगा, इथपर्यंत सगळं सेम, पण 'मुझे लगता है' आलं की आपलं 'लागणे' गप्प, तिथे 'वाटतं'च हवं, 'मला लागतं की तो येईल' ऐकलं की कानाला खटकतंच ना! उलट 'मला जावं लागतं' हिंदीत नेताना 'पड़ना' घ्यावं लागतं, आणि 'मला मदत लागेल' म्हणजे गरज, तिथे सरळ 'चाहिए'.

मला सगळ्यात भारी वाटतो तो चवीचा फरक. जिभेला आंबट 'लागतं', मनाला छान 'वाटतं', हिंदीत दोन्हीकडे 'लगता है'च. म्हणून बारकाव्यात मला तरी मराठीच सरस वाटते.