देव की देव्व? शिंगे, कवटी आणि करारनामे

जुलैमध्ये बेळगावात पाऊस एकदा बसला की तीन-चार दिवस उघडीप मिळत नाही, आणि घरात तेरा वर्षांचा पुतण्या असला की त्या दिवसांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. या वर्षी आम्ही काका-पुतण्यांनी ते दिवस कॉमिक्सवरून निघालेल्या, पण विज्ञानाऐवजी भुताखेतांच्या आणि नरकाच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या सुपरहिरोंच्या चित्रपटांना दिले. काही मी विशीत पाहिलेले होते, काही दोघांनाही नवे होते, आणि जे मुलाने पाहण्याजोगे नव्हते ते तो झोपल्यावर मी एकट्याने पुन्हा पाहिले. एका संध्याकाळी शेजारच्या अज्जी वाटी परत द्यायला आल्या असताना पडद्यावर लाल अंगाचा, कापलेल्या शिंगांचा हेलबॉय मांजरीच्या पिलांना जपत होता. त्यांनी क्षणभर पाहिले आणि विचारले, "इदु देवरो, देव्वो?" कन्नडमध्ये देवाला 'देवरु' म्हणतात आणि भुताला 'देव्व', मराठी कानाला हा फरक एका जोडाक्षराएवढाच वाटतो. मला मात्र या चित्रपटांविषयी विचारण्याजोगा याहून नेमका प्रश्न सुचलेला नाही.

कोळी चावल्याने किंवा प्रयोगशाळेतल्या अपघाताने शक्ती मिळालेल्या नायकाला ती फुकट मिळालेली असते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. भुताटकीच्या शाखेतल्या नायकाला ती उसनी मिळते, आणि उसने देणारा कधी ना कधी वसुलीला येतोच. ही वसुली दिग्दर्शकाने किती गांभीर्याने घेतली आहे, यावर मला या चित्रपटांची प्रत ठरवावीशी वाटते.

'घोस्ट रायडर' (२००७) या कसोटीवर सर्वांत आधी घसरतो, आणि ते वाईट वाटते, कारण त्याची सुरुवात उत्तम आहे. मोटारसायकलवर जिवावरच्या कसरती करणारा तरुण जॉनी ब्लेझ वडिलांचा कॅन्सर बरा व्हावा म्हणून मेफिस्टोफिलिस या सैतानाशी करार करतो. सही अशी करावीच लागत नाही. कागद चाळताना बोट कापते, रक्ताचा थेंब पडतो आणि सौदा पक्का होतो. दुसऱ्या दिवशी वडील खडखडीत बरे होऊन उठतात आणि त्याच दिवशी कसरत करताना मरतात. कराराचा शब्द पाळला गेलेला असतो, हेतू मात्र बुडालेला असतो. ज्या लिपीतला कागद आपल्याला नीट वाचता येत नाही त्याच्यावर अंगठा उठवणे म्हणजे काय, हे आमच्या सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटला. दुर्दैवाने पुढे हा धागा सुटतो. मोठ्या झालेल्या जॉनीच्या, म्हणजे निकोलस केजच्या, कवटीला आग लागते, साखळी गरगरते, पाणी, माती आणि वारा यांची एकेक भुते रांगेने येऊन मार खातात, आणि करार केवळ पळवापळवीची वस्तू होऊन बसतो. सॅम इलियटने रंगवलेला जुना रायडर तर पेटत्या घोड्यावरून अख्खे वाळवंट नायकाबरोबर दौडतो आणि ऐन लढाईच्या तोंडाशी 'माझ्यात एकदाच रूप पालटण्याची ताकद उरली होती' असे सांगून माघारी वळतो. पाहुण्याला वेशीपर्यंत पोहोचवून परत फिरणाऱ्या यजमानासारखा हा प्रकार आहे. पुतण्याने त्याच क्षणी "मग ती ताकद इथं येऊन वापरायची की!" असे म्हटले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. हाच चित्रपट मी प्रथम शहरातल्या एका चित्रपटगृहात हिंदीत पाहिला होता. तेव्हा मध्यंतरानंतर बराच वेळ आवाजच गेला होता, आणि आज असे वाटते की त्यामुळे फारसे काही बुडाले नाही.

'स्पॉन'चा (१९९७) करारही जवळपास असाच आहे. सरकारी मारेकरी अल सिमन्स याला त्याचाच वरिष्ठ जाळून मारतो, आणि पत्नीला पुन्हा भेटता यावे म्हणून तो नरकाच्या सैन्याचे नेतृत्व पत्करतो. परततो तेव्हा पाच वर्षे उलटलेली असतात आणि तिने त्याच्याच मित्राशी संसार मांडलेला असतो. टॉड मॅकफार्लेनच्या १९९२ पासूनच्या कॉमिक्सचा अंगरखा, म्हणजे तो स्वतःच्या मनाने फडकणारा लाल शेला, पडद्यावर आजही देखणा दिसतो. नरक मात्र जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसतो आणि त्यातल्या राक्षसाचे ओठ संवादाबरोबर धड हलतही नाहीत.

'ब्लेड'मध्ये (१९९८) करार नाही, पण कर्ज आहे. गरोदर आईला पिशाच्च चावल्यामुळे जन्मलेला हा नायक उन्हात फिरू शकतो, चांदी आणि लसूण त्याला बाधत नाहीत, फक्त रक्ताची तहान तेवढी वारशाने आलेली आहे. ती दाबण्यासाठी तो औषध टोचून घेतो, आणि त्या औषधाचा परिणाम दिवसेंदिवस कमी होत चालला आहे. वेस्ली स्नाइप्स ही गोष्ट कुठेही बोलून दाखवत नाही. खुर्चीला हात आवळून, दात चावून तो ते औषध घेतो तेव्हा घरात रोज इन्सुलिन टोचून घेणारे माणूस पाहिलेल्यांना त्यातला कंटाळा आणि नाइलाज लगेच ओळखू येईल. मार्व्हलच्या पात्रांवरचे त्याआधीचे मोठ्या पडद्यावरचे प्रयत्न फारसे चालले नव्हते. २००० मधल्या 'एक्स-मेन'च्या आधी वाट मोकळी झाली ती या काळ्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या माणसामुळे. सुरुवातीच्या एका प्रसंगात नाचणाऱ्यांच्या अंगावर छतातल्या फवाऱ्यांतून रक्त कोसळते, तो प्रसंग अजून अंगावर येतो. शेवटची संगणकीय रक्ताची करामत मात्र आता बघवत नाही. हा चित्रपट मुलांना अजिबात दाखवू नये.

फवाऱ्यांवरून आठवले. 'कॉन्स्टन्टीन'मध्ये (२००५) अगदी उलट प्रसंग आहे: इस्पितळाच्या पाण्याच्या टाकीत क्रूस बुडवून ते पाणी मंतरले जाते आणि मग छतातून त्याचा पाऊस पडताच खाली जमलेले अर्धभुतांचे टोळके भाजून निघते. फ्रान्सिस लॉरेन्स याचा हा पहिलाच चित्रपट होता, हे पाहताना पटत नाही. मूळ 'हेलब्लेझर' कॉमिक्समधला जॉन कॉन्स्टन्टीन हा सोनेरी केसांचा इंग्रज आहे. चित्रपटात तो काळ्या केसांचा किआनू रीव्ह्ज होऊन लॉस एंजेलिसला आला, म्हणून जुने वाचक रागावले, आणि त्यांचा राग मला समजतो. तरीही या सगळ्या ढिगातला हिशेबाचा सर्वांत पक्का चित्रपट हाच आहे. लहानपणापासून भुते दिसणाऱ्या या माणसाने किशोरवयात आत्महत्या केली, दोन मिनिटे तो मेलेला होता, आणि तेवढ्यावरून त्याची नरकातली जागा ठरून गेली. आता स्वर्गात जागा मिळवण्यासाठी तो भुते उतरवत फिरतो. म्हणजे त्याच्या सत्कर्मामागे भक्ती नसून निव्वळ देवघेव आहे, आणि टिल्डा स्विंटनने रंगवलेला देवदूत गॅब्रिएल त्याला ते तोंडावर ऐकवतो. आपल्याकडे देवाला नवस बोलताना माणूस 'अमुक झाले तर तमुक करीन' असे सांगतो; कॉन्स्टन्टीन आधी तमुक करून ठेवतो आणि मग अमुक मागतो, आणि तिथेच त्याचे गणित चुकते.

छोट्या गोष्टींत हा चित्रपट विशेष रमतो. पाण्याच्या परातीत पाय ठेवून, मांजराच्या डोळ्यांत रोखून पाहत नायक नरकात उतरतो. तो नरक म्हणजे तेच शहर आहे, तेच रस्ते आहेत, फक्त सगळे अखंड जळत्या वादळात सापडलेले. पेल्याखाली कोंडलेल्या कोळ्यावर तो सिगारेटचा धूर सोडतो, आणि सिगारेटीनेच त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झालेला आहे. वीस वर्षे उलटून गेल्यावर शेवट लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो: तो मनगटे कापून घेतो, कारण त्याचा आत्मा न्यायला नरकाचा राजा ल्युसिफर स्वतः येणार हे त्याला ठाऊक असते. ल्युसिफरचा मुलगा बापाच्या पाठीमागे काय शिजवतो आहे ते सांगून तो त्याला ऋणात टाकतो, आणि बक्षीस म्हणून स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्या एका आत्म्याची नरकातून सुटका मागतो. त्या एका मागणीने त्याला स्वर्गाचे दार उघडते, आणि हा हातचा जाऊ नये म्हणून संतापलेला ल्युसिफर त्याच्या छातीतून कॅन्सर खरवडून काढतो, म्हणजे हा जगेल आणि पुन्हा पाप करील. पीटर स्टॉर्मेअर हा ल्युसिफर डांबराने माखलेल्या अनवाणी पायांनी आणि पांढऱ्या सुटात येतो. पाचच मिनिटे असतो, पण संपूर्ण चित्रपट खिशात घालून जातो.

मग 'हेलबॉय' (२००४). माइक मिन्योलाच्या या पात्राला गिएर्मो देल तोरोने पडद्यावर आणले, आणि रॉन पर्लमनखेरीज दुसरा कोणी त्या लाल कातडीत शोभला असता असे मला वाटत नाही. १९४४ साली नाझींनी आणि रास्पुतिनने उघडलेल्या दारातून हे नरकाचे पोर पृथ्वीवर येते, आणि एक तरुण प्राध्यापक चॉकलेट दाखवून त्याला जवळ घेतो. जगाचा नाश करण्याची किल्ली त्याच्या उजव्या दगडी हातातच आहे. तो मात्र सिगार ओढतो, मांजरे पाळतो आणि माणसांत मिसळता यावे म्हणून शिंगे कानशीने घासत राहतो. इथे करार जन्माआधीच झालेला आहे. शेवटी शिंगे पुन्हा वाढून तो नाशाचे दार उघडायला निघतो, तेव्हा मेलेल्या बापाची जपमाळ त्याच्याकडे फेकली जाते, क्रुसाचा डाग तळहातावर जळून उमटतो, आणि तो स्वतःच्या हाताने शिंगे मोडतो. अज्जींना पुतण्याने दिलेले उत्तर, "एरडू, अज्जी", म्हणजे दोन्ही, मला इथे पटले.

दुसरा भाग, 'द गोल्डन आर्मी' (२००८), त्याहून सरस आहे. ब्रुकलिन पुलाखालचा भुतांचा बाजार आपल्या आठवडी बाजाराइतका गजबजलेला आहे, आणि त्यातल्या मागच्या रांगेतल्या प्राण्यालाही स्वतःचा चेहरा दिलेला आहे. त्यातला वनदेव, आपल्या जातीतला शेवटचा, हेलबॉयच्या गोळीने पडतो, आणि त्याचे रक्त सांडते तिथे शहराच्या डांबरी रस्त्यावर हिरवळ फुटते. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रसंग पाहून शत्रू मेल्याचा आनंद होणार नाही. दिग्दर्शकालाही तो अपेक्षित नाही. २०१९ चा नवा 'हेलबॉय' मी अर्ध्यावर सोडला. रक्त भरपूर, माया शून्य.

'डॉक्टर स्ट्रेंज' (२०१६) या सर्वांत सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत निर्धोक आहे. हात निकामी झालेला शल्यविशारद काठमांडूला येऊन विद्या शिकतो, आणि गुरू म्हणून पुन्हा टिल्डा स्विंटनच भेटते. इमारतींच्या घड्या पडतात ते मजेचे आहे, पण लक्षात राहतो तो शेवट: अफाट शत्रूशी लढण्याऐवजी नायक त्याला एकाच क्षणाच्या फेऱ्यात अडकवतो आणि दर वेळी मरून पुन्हा 'सौदा करायला आलो आहे' असे म्हणतो. चांदोबातला विक्रम राजा चिकाटीने पुन्हा पुन्हा झाडाकडे परततो, तीच ही जात. २०२२ चा 'मॉर्बियस' पाहिला, एवढेच नोंदवतो.

ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची मुले आहेत त्यांनी 'डॉक्टर स्ट्रेंज' आणि 'हेलबॉय'चे पहिले दोन भाग निर्धास्त लावावेत. 'घोस्ट रायडर' पहिल्या अर्ध्या तासापुरता पाहावा. 'कॉन्स्टन्टीन' मोठ्यांनी रात्री पाहावा, शक्य असल्यास मूळ इंग्रजीत, कारण मी ऐकलेल्या हिंदी डबिंगमध्ये ल्युसिफरचा तो लाडिक, चिकट आवाज हरवून नुसता गडगडाट उरला होता. पुतण्या 'ब्लेड'साठी रोज विचारतो आहे. त्याला अजून पाच वर्षे थांबावे लागेल, आणि पाऊसही अजून गेलेला नाही.